ऋण काढून सण

‘ऋण काढून सण करणे’ हे मराठीत उधळेपणाचे दूषण म्हणून वापरले जाते. ज्याने ते प्रथम योजले त्याच्या नजरेसमोर एखादा हौशी, ऐपत सोडून वागणारा गृहस्थ असावा. कोलकात्याच्या खिदिरपूर भागात, गोदीच्या भिंतीला लागून पसरलेल्या वॉटगंज, इक्बालपूर, मोमिनपूरच्या वस्त्यांत हे दूषण कोणाला लावावयाचे, हा प्रश्न आहे. तेथील माणसे वर्षाचे बारा महिने राबतात आणि तरीही सण जवळ आला की त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक वाट सावकाराच्या दारात जाते. दुसरी जादा पाळीकडे, रात्रीच्या शिलाईकडे, सुटीच्या दिवशीच्या हमालीकडे वळते. नाताळ आला की सुखवस्तू समाजातून या दुसऱ्या वाटेची स्तुती ऐकू येते. कष्टाळू माणसाने कर्ज न काढता चार पैसे अधिक मिळवावेत, मुलांना नवे कपडे घ्यावेत, केक आणावा आणि समाधानाने सण करावा, असा तो उपदेश असतो.

उपदेशात कर्जाचा जो निषेध आहे तो योग्यच आहे. सावकारी कर्जासारखा कामगाराचा वैरी दुसरा नाही. परंतु ज्या सणाची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, त्याचा साधा खर्च वर्षभराच्या मजुरीतून का निघू शकत नाही, हा प्रश्न उपदेशक विचारत नाही. २५ डिसेंबर काही अचानक कोसळत नाही. घरातले आजारपण अवचित येते, छप्पर अवचित गळते. नाताळ, ईद आणि दुर्गापूजा पंचांगात लिहिलेल्या असतात. ठरलेल्या दिवसाचा ठरलेला खर्च भागत नसेल, तर दोष खर्च करणाराच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्याच्या मजुरीत शोधावा लागेल.

खिदिरपूरचे पंचांग मोठे आहे. १७ सप्टेंबरच्या सुमारास कारखान्यांत आणि गोदीत विश्वकर्मा पूजा होते. आश्विनात दुर्गापूजा येते आणि बंगालचे सारे अर्थकारण तिच्याभोवती फिरू लागते. कार्तिकात बिहार व उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांचा छठ असतो. चांद्र गणनेमुळे ईद दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. डिसेंबरात ‘बडोदिन’ येतो. सेंट स्टीफन्स चर्चच्या आसऱ्याने राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचा तो धार्मिक सण, पण कोलकात्यात त्या दिवशी केकचा तुकडा कोणाच्या घरी जात नाही? धर्म हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे क्षेत्र आहे. मुलाच्या अंगावर वर्षातून एकदा नवा सदरा असावा ही इच्छा मात्र सगळ्या वस्तीची एकच आहे. सण म्हणजे श्रमिकाचा अपव्यय, असे समजणारे काही कार्यकर्ते अजूनही भेटतात. त्यांनी हा सदरा एकदा हातात घेऊन पाहावा.

तो सदरा बहुधा शेजारच्या मटियाबुर्जमध्ये शिवलेला असतो. १८५६ साली अवधचे राज्य गमावलेला नवाब वाजिद अली शाह तेथे येऊन राहिला आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसांत शिंपीही होते. आज तेथे ओस्तागरांच्या घराघरांतून, ‘दलिज’ म्हणविल्या जाणाऱ्या कारखानावजा खोल्यांतून, तयार कपड्यांचा प्रचंड धंदा चालतो. कारागिराला मजुरी नगावर मिळते. पूजेच्या व ईदेच्या आधीचे आठवडे म्हणजे त्याचा हंगाम. मशीन मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. घरातल्या स्त्रिया धागे कापतात, बटणे लावतात, मुले गठ्ठे बांधतात. या काळात त्याला जी ‘जादा’ कमाई होते ती पुढल्या सुन्या महिन्यांची मजुरी असते, आगाऊ राबून घेतलेली. शिवाय ओस्तागराने पूर्वी दिलेले दादन, म्हणजे उचल, तीतून वळते होते. दुसऱ्यांच्या सणासाठी रात्री जागून कपडे शिवायचे आणि स्वतःच्या सणासाठी उचल घ्यायची, हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

डिसेंबरातील बेकऱ्यांचेही तसेच. मध्य कोलकात्यातील तालतला भागातल्या जुन्या बेकऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबे आपला मैदा, अंडी, लोणी, मनुका घेऊन जातात आणि भट्टीचे भाडे देऊन केक भाजून आणतात. भट्टीपुढे रात्रभर उभे राहणारे हात पुष्कळदा मुस्लीम कारागिरांचे असतात. शहराच्या ऐक्याचे हे दृश्य मोहक आहे आणि त्यावर लेख लिहिले जातात. त्या रात्रीच्या मजुरीवर क्वचितच लिहिले जाते.

जादा काम म्हणजे जादा मिळकत, हे समीकरण एका कामगारापुरते खरे दिसते. वर्गाच्या पातळीवर ते टिकत नाही. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात कालवेतनाची चिकित्सा करताना दाखवून दिले, की ज्या धंद्यात कामाचा दिवस लांबतो त्या धंद्यात श्रमाची किंमत उतरते. बारा तासांच्या मजुरीवर जगणे भागू लागले की मालक आठ तासांना जगण्यापुरती मजुरी देण्याचे सोडून देतो. जादा तासांना दुप्पट दर देण्याचे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यात आले ते यासाठीच. जादा काम मालकाला महाग पडावे आणि त्याने ते टाळावे. नव्या श्रमसंहितेतही दुप्पट दराचे तत्त्व आहे. परंतु दलिजमध्ये नगावर शिवणाऱ्याला तास कोण मोजून देणार? संध्याकाळी दुचाकीवर घरपोच माल पोचविणाऱ्या तरुणाला तर मालक कोण हेच उमगत नाही. ज्यांना जादा कमाईचा सल्ला दिला जातो, त्यांच्या जादा श्रमाला जादा दर नाही, ही यातली ग्यानबाची मेख आहे.

आता कर्जाची वाट. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने हिंदी कामगारांची कर्जे तपासली होती. आयोगावर ना. म. जोशी हेही सभासद होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे देणे तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक आहे, असे आयोगाला आढळले. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा प्रचलित दर होता. म्हणजे वर्षाकाठी रुपयाला बारा आणे, शेकडा ७५. मुंबईच्या गिरणगावात ‘पठाणी व्याज’ हा शब्द रूढ झाला, तो अशाच अनुभवातून. कोलकात्यात तोच सावकार ‘काबुली’ म्हणून ओळखला गेला. पगाराच्या दिवशी हे लोक काठी घेऊन दरवाजाशी उभे राहत. बंगालमध्ये १९३४ साली कामगार संरक्षण कायदा करून कामाच्या जागेला असा वेढा घालणे हा गुन्हा ठरवावा लागला, यावरून त्या प्रकाराची व्याप्ती कळावी.

खिदिरपूरच्या खलाशांची स्थिती आणखी निराळी होती. बोट सुटली की मजुरी, बोट परत आली की बेकारी. दोन सफरींच्या मधले महिने घाटाजवळच्या खाणावळी-निवासांत उधारीवर जात. निवासाचा मालक, भरती करणारा सारंग आणि सावकार ही तीन माणसे कधी कधी एकच असत. नव्या सफरीची आगाऊ मजुरी हाती पडण्याआधीच तिचे वाटप ठरलेले असे. त्याच काळात मुंबईत गोव्याचे खलाशी काय करीत होते, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. धोबीतलावच्या परिसरात गावागावांच्या ‘कूड’ उभ्या राहिल्या होत्या. सभासदाने अल्प वर्गणी द्यायची, पेटी ठेवायला आणि अंथरुण टाकायला जागा मिळवायची, सफर नसेल तेव्हा तेथे राहायचे. कूड ही क्रांतिकारक संस्था नव्हती. तेथे सणाला वेदी सजे आणि नियम कडक असत. तरीही बेकारीच्या महिन्यांत माणूस निवासमालकाच्या मुठीत जाऊ नये, एवढे काम तिने केले. नाताळला गावी जाणाऱ्या तारवटीच्या खिशात थोडे पैसे उरले, त्यात या सामुदायिक छपराचा वाटा होता.

काठी घेऊन उभा राहणारा काबुली आता दिसत नाही. त्याच्या जागी सूक्ष्मवित्त कंपनीचा वसुली अधिकारी आला आहे आणि तो आठवड्याच्या ठरल्या वारी गटातील स्त्रियांना एकत्र बसवून हप्ता घेतो. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार ३ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त ठरते. सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत असावेत, अशी मर्यादा आहे. मात्र अशा कंपन्यांच्या व्याजदरावर पूर्वी असलेली कमाल मर्यादा त्याच नियमांनी उठविली. दर ‘अवाजवी’ नसावा, एवढे म्हणून सोडून दिले. निम्मे उत्पन्न हप्त्यात जाऊ देण्यास कायद्याची मान्यता असेल, तर उरलेल्या निम्म्यात सण कसा बसवायचा?

या दोन वाटांखेरीज तिसरी वाट आहे आणि ती कामगारांनी लढून काढली आहे. ती बोनसची. मालकांच्या भाषेत बोनस ही बक्षिसी होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या नफ्याच्या दिवसांत मुंबईच्या गिरणीमालकांनी सलग काही वर्षे बोनस दिला आणि १९२३ सालचा नाकारला. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार बाहेर पडले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कामगारांना बोनसचा कोणताही हक्क नाही, असा निर्वाळा दिला आणि मार्चअखेर तो संप फसला. परंतु प्रश्न मिटला नाही. १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात सूत्र मांडले: प्रत्यक्ष मजुरी आणि जीवनवेतन यांच्यामध्ये जी दरी असते ती भरून काढण्यासाठी नफ्यात कामगाराचा वाटा आहे. १९६१ मध्ये म. र. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला. कामगारांच्या बाजूने त्यावर कॉ. श्रीपाद अमृत डांगे होते. १९६५ साली बोनस अधिनियम झाला.

बंगालने या इतिहासात आपला शब्द घातला आहे. पूजेपूर्वी बोनस देण्याची तेथील प्रथा इतकी रुजली होती, की १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाला तिच्या कसोट्या ठरवाव्या लागल्या आणि १९६५ च्या कायद्यात ‘पूजा बोनस’ हे शब्दच आले, भले ते वजावटीच्या कलमात का होईना. किमान बोनस आरंभी ४ टक्के होता. १९७२ मध्ये तो ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांमागे एक महिना, असा झाला. सप्टेंबर १९७५ मध्ये आणीबाणीच्या वटहुकुमाने तो पुन्हा ४ टक्क्यांवर आणला आणि १९७७ मध्ये ८.३३ टक्के परत मिळाला. तेरावा महिना हा कोणाच्या औदार्याने आलेला नाही आणि कामगार गप्प बसला तेव्हा तो हिरावलाही गेला आहे.

खिदिरपूरला मात्र हा कायदा कधीच पुरता पोचला नाही. १९६५ च्या अधिनियमाच्या ३२ व्या कलमात, कायदा कोणाला लागू नाही याची यादी होती. तीत खलाशी होते आणि १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली नोंदलेले कामगारही होते. ज्या वस्तीचे दोन मुख्य धंदे बोटीवर चढणे आणि बोट रिकामी करणे हे होते, तिचे दोन्ही धंदे यादीत वगळलेले! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनेही हे दोन्ही अपवाद जसेच्या तसे ठेवले आहेत. कारखान्यातल्या कामगाराला जे कायद्याने मिळते, ते गोदी कामगाराला करारांतून आणि आंदोलनांतून ‘उत्पादकतेशी निगडित पारितोषिक’ या नावाने मिळवावे लागले.

या पारितोषिकाचा ताजा हिशोब पाहण्यासारखा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी २०२०-२१ ते २०२५-२६ या काळासाठी सुधारित योजना मंजूर केली. देशातील सर्व मोठी बंदरे आणि गोदी कामगार मंडळे मिळून लाभधारक सुमारे २०,७०४. अवघ्या देशाच्या मोठ्या बंदरांत कायम कामगार एवढेच उरले आहेत, ही बातमी पारितोषिकाच्या बातमीपेक्षा मोठी होती. कोणी ती तशी छापली नाही. रकमेची मोजणी महिना ७,००० रुपयांच्या कमाल मर्यादेवर. वर्षाचे ८४,००० धरले, तर ८.३३ टक्क्यांनी हाती येतात साधारण ७,००० रुपये. म्हणजे ज्याचा पगार २१,००० आहे त्याचा ‘एक महिना’ प्रत्यक्षात दहा दिवसांचा भरतो.

याच योजनेत आणखी एक गोष्ट आहे. देशातील सर्व बंदरांच्या एकत्रित कामगिरीला दिलेले वजन टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणून त्या-त्या बंदराच्या स्वतःच्या कामगिरीचे वजन ५० वरून ५५ आणि पुढे ६० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. कागदावर हे न्याय्य वाटते. परंतु कोलकाता हे समुद्रापासून दूर, नदीतले बंदर आहे. हुगळीचा गाळ ही त्याची जुनी व्याधी; तो वाहून जावा म्हणून गंगेवर फराक्का धरण बांधले गेले आणि १९७५ मध्ये ते कार्यान्वित झाले. तरीही खोल बुडणाऱ्या मोठ्या बोटी खिदिरपूरपर्यंत येत नाहीत. खोल समुद्रकाठच्या बंदरांशी ज्याची बरोबरीच होऊ शकत नाही, त्या बंदराच्या कामगाराचा सणाचा पैसा त्याच्याच बंदराच्या आकड्यांना अधिकाधिक जखडण्याचा अर्थ काय होतो? नदीतला गाळ कामगाराच्या पगारपत्रकात येऊन साचतो.

आणि हे झाले कायम कामगाराचे. गोदीतला आजचा पुष्कळसा भार ठेकेदारांच्या माणसांवर आहे. कायदा वीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला लागू होतो, म्हणून ठेकेदार माणसे वेगवेगळ्या नावांवर वाटतो. परंतु ठेकेदाराने देणे चुकविले तर ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्या धन्यावर जबाबदारी येते, हेही संहितेत आहे. किती शाखांनी या तरतुदीचा आधार घेऊन धन्याला लेखी मागणी दिली? कायम कामगारांची पूजा बोनसची बोलणी संपली की संघटनेच्या कार्यालयाला कुलूप पडते आणि ठेक्यावरचा माणूस फाटकाबाहेर उभा राहतो, हे चित्र चळवळीला शोभणारे नाही.

ज्याचा मालक एक नाही त्याला बोनस देता येत नाही, असे नोकरशाही सांगते. महाराष्ट्राने ते खोटे ठरविले आहे. १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने मंडळे स्थापन झाली. माल उचलून घेणारा व्यापारी मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा, उपदान आणि बोनस उभा राहतो. आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्यावर काम करणाऱ्या माणसाला दिवाळीत बोनस मिळतो तो असा. या मंडळांत बोगस नोंदणीपासून लेव्हीच्या थकबाकीपर्यंत दोष शिरले आहेत आणि त्यांच्याविरुद्ध लढावेच लागेल. पण तत्त्व अचूक आहे. मटियाबुर्जच्या हाटांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर अशी लेव्ही बसविली, तर दलिजमधल्या कारागिराला बोनस देणे अशक्य नाही. हीच मागणी कोलकात्याच्या साथींनी गोदीतील ठेका कामगारांसाठी उचलावी आणि मुंबई, न्हावा-शेवाच्या साथींनी आपला माथाडी मंडळांचा बरावाईट अनुभव त्यांच्यापर्यंत पोचवावा.

तोवर कामगारांनी काय करावे? भिशी ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कामगारांची सहकारी पतपेढी तिच्याहून भक्कम. वस्तीतल्या वीस कुटुंबांनी दरमहा थोडे टाकले आणि ज्याचा सण आधी त्याची पाळी आधी असे ठरविले, तर ईद, पूजा, छठ आणि नाताळ एकमेकांना वेळेवर हात देऊ शकतात. वेगवेगळ्या धर्मांची माणसे एका वस्तीत असण्याचा हा हिशोबी फायदा आहे. अर्थात भिशीने मजुरी वाढत नाही. तेच पैसे एका महिन्यातून दुसऱ्यात जातात. भिशी निघाली म्हणून बोनसची मागणी मंदावली तर नफा मालकाचाच व्हावयाचा.

एक मागणी मात्र लगेच करता येण्यासारखी आहे. कायद्याप्रमाणे बोनस हिशोबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यावयाचा असतो. मार्चअखेरीच्या वर्षाला ती मुदत ३० नोव्हेंबरला संपते. ही तारीख मालकाच्या खातेवहीची आहे, कोणाच्याही सणाची नाही. पूजेच्या कितीतरी नंतर ती येते, ईदेशी तिचा संबंध नाही आणि नाताळाच्या आधी ती केवळ योगायोगाने पडते. पश्चिम बंगाल सरकार आपल्या पात्र कर्मचाऱ्यांपैकी मुस्लिमांना ईदेपूर्वी आणि इतरांना पूजेपूर्वी बोनस देते. ‘इतरांत’ ख्रिस्ती कर्मचारीही येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात हाती आलेला त्याचा पैसा डिसेंबरपर्यंत किती टिकणार? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये एकदाच आपल्या कर्मचाऱ्यांना १०,००० रुपयांची बिनव्याजी सण-उचल दिली, दहा हप्त्यांत फेडण्याची, आणि कर्मचाऱ्याने कोणता सण निवडावा हे त्याच्यावर सोडले. सरकारी कर्मचाऱ्याला जे देता आले ते गोदीतल्या ठेका कामगाराला का नको? बोनसचा महिना कामगाराने सांगावा, त्याचा निम्मा भाग त्या सणापूर्वी तीन आठवडे आगाऊ मिळावा आणि उचलीवर व्याज नसावे, अशी मागणी येत्या हंगामापूर्वी प्रत्येक बंदरातील ठेकेदाराला आणि बंदर प्राधिकरणाला लेखी गेली पाहिजे. तिच्यासोबत कामगारांच्या नावांची यादी हवी, कारण यादीशिवाय दिलेली मागणी टेबलावर पडून राहते. खिदिरपूरच्या फाटकांवर ती यादी करण्याचे काम पाळी सुटण्याच्या वेळीच होऊ शकेल.